इंदूताईचं पान

दुसऱ्याच्या ताटात डोकावून नाक मुरडणाऱ्या माणसाला कुणी पुन्हा पंगतीला बसवत नाही. शालिनीबाईंनी मात्र असल्या एका भवानीला सात महिने पर्समध्ये घालून हिंडवलं, आणि रोज घास तोंडात घालण्याआधी तिच्यापुढे ताट धरलं.

भवानी म्हणजे फोनमधलं एक ॲप. नाव 'हलकीफुलकी'. होळीच्या सुमाराला शालिनीबाईंचे गुडघे इतके कुरकुरायला लागले, की शाळेच्या जिन्यावर पोरं 'मॅडम, आधी तुम्ही' म्हणून वाट द्यायची आणि मागून त्यांच्या चालीची नक्कल करायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर गुडघे बदलायची तयारी ठेवा. त्याच संध्याकाळी लेकीनं, तन्वीनं, ते ॲप आईच्या फोनात घातलं.

"मम्मी, एकदम सिंपल आहे. जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा, जेवण झालं की उरलेल्याचा. मग ती सांगते काय बरोबर, काय गलत. शेवटी विचारते, पोट भरलं का? त्याला एक ते पाच नंबर द्यायचे. बस."

"ती कोण?"

"कोणी नाही गं. सिस्टिम आहे."

सिस्टिम असो की सटवाई, पहिले काही दिवस ती फार गोड बोलली. 'वा, शालिनी! आज काकडी खाल्लीत! तुमचा अभिमान वाटतो!' शालिनीबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. सख्खा नवरा चारचौघांत नावानं हाक मारत नाही, आणि ही कोण लागून गेली अभिमान वाटून घेणारी? त्यांनी त्या रविवारी पोह्यांवर दुप्पट शेव घातली, जिलेबी दुधात बुडवून खाल्ली, आणि दोन्हींचे फोटो मुद्दाम पाठवले. मग भवानीनं भीती घालून पाहिलं. 'गुडघ्यांचा विचार करा, शालिनी.' गुडघे माझे, विचारही माझा, असं म्हणत बाईंनी वाडग्यातलं गोड दूधही पिऊन टाकलं.

आणि मग तो कचोरीचा दिवस आला. स्टाफरूममध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. शालिनीबाईंनी कचोरीचा फोटो काढला, आणि तोंडापाशी नेता नेता फोन किणकिणला. 'ह्या कचोरीतलं तेल वाटीत काढून गार केलं तर त्याचा पांढरा गोळा होईल. तो गोळा चमच्यानं खाताय असं डोळ्यांपुढे आणा.' त्यांनी आणला. नको आणायला हवा होता, पण डोळ्यांपुढे काय येतं त्यावर कुणाचा ताबा असतो? तो गोळा जिभेवर बसला. कचोरी तशीच बशीत राहिली, आणि सवयीप्रमाणे उरलेल्याचा फोटो गेला.

बस्स. भवानीला किल्ली सापडली. ह्या बाईला कौतुकानं काही होत नाही, धाकानं होत नाही, किळस आली की ही हात आखडते, एवढं तिनं त्या एका बशीवरून ताडलं. त्या दिवसानंतर तिनं दुसरी भाषा काढलीच नाही. साबुदाण्याच्या खिचडीला ती बेडकाची अंडी म्हणाली. बासुंदी म्हणजे गाईच्या अंगातून निघालेला चिकट पदार्थ, तासभर आटवून आणखी चिकट केलेला. भज्यांवरून सुटणारं तेल म्हणजे उन्हाळ्यात बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मानेवरून ओघळतं ते. शिवाय सगळं बाईंच्या मापानं बेतलेलं. आधी एकदा दुधावरची साय त्यांनी बोटानं बाजूला केली होती, ते फोटोत दिसलं असावं; तेव्हापासून दर दोन दिवसांनी कुठून तरी साय यायचीच.

शालिनीबाईंनी लेकीला विचारलं, तर ती खूष. "अरे वा! मतलब तिनं तुझा टोन पकडला. पर्सनलाइज्ड आहे ना मम्मी, ज्याला जे चालतं ते."

"म्हणजे मला ओकारी आणायची ठरवलंय तिनं?"

"रिझल्ट बघ ना यार! अकरा किलो! पापा, बोला ना काही."

नवरा वरण-भात कालवत होता. "बारीक दिसतेस हं," एवढं म्हणून त्यानं बोटांवरून ओघळणारं तूप चाटलं. शालिनीबाईंनी तोंड फिरवलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या पानाशेजारी पान मांडलं, त्याची बोटं आता बघवेनात. शाळेत मधल्या सुट्टीत पोरांचे डबे उघडले की त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. रात्री अंघोळीनंतर स्वतःचे दंड पुसताना त्यांना कचोरीतला तो पांढरा गोळा आठवायचा, आणि स्वतःच्याच अंगाची शिसारी यायची. ही काय जगण्याची तऱ्हा झाली?

मग ते डबडं फेकून का दिलं नाही? कारण जिना. आषाढात एके दिवशी त्या कठड्याला हात न लावता वरच्या वर्गापर्यंत चढून गेल्या, आणि नक्कल करणारी पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली. ते सुख काय असतं, हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच ठाऊक. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. शालिनीबाई लाथा खात राहिल्या, आणि जेवण मात्र सुटत गेलं.

असं चाललं असताना पितृपक्ष लागला, आणि इंदूताईची नवमी आली.

इंदूताई म्हणजे शालिनीबाईंची थोरली बहीण, इंदिरा. बेटम्याला वडिलांच्या शाळामास्तरकीत ह्या दोघी वाढल्या. खाण्याच्या बाबतीत इंदूताईसारखी बाई सगळ्या माळव्यात झाली नसेल. वाढणाऱ्यानं "पुरे का?" विचारलं की पहिल्या खेपेला ती कधी "पुरे" म्हणाली नाही. "अजून एक वाढ," म्हणायची, आणि मग स्वतःच हसायची. लग्न होऊन शहरातल्या छत्रीबागेत आली, तर नवरा चिंतामण असा भला, की कचेरीतून येताना रोज काहीतरी पुड्यात बांधून आणायचा. असल्या बाईला देवानं अन्ननलिकेचा कॅन्सर दिला. देवाला तरी लाज वाटायला हवी होती. शेवटचे महिने नाकातून नळी, आणि नळीतून पांढरं पाणी.

त्या खाटेवर तिनं शालिनीबाईंचा हात धरून सांगितलं होतं, "शालू, मी सवाष्ण जाणार. माझ्या नवमीला तू बसायचं. दुसरी कोणी बाई नको, ती मेली डाएट-बिएट करत असेल. तू माझ्या जिभेची आहेस. पान चाटूनपुसून स्वच्छ करायचं, समजलं? नाहीतर मी तशीच भुकेली फिरेन."

"करीन गं ताई. वचन देते," असं शालिनीबाई म्हणाल्या होत्या.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी भाद्रपदातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. ती जेवली की गेलेली जेवली. पौषात वर्षश्राद्ध झालं होतं, म्हणून इंदूताईची ही पहिलीच नवमी. शालिनीबाईंनी ठरवून टाकलं, आज फोटो नाही. फोन पर्समध्ये, पर्स खांद्याला, आणि पान स्वच्छ.

छत्रीबागेत पोचल्या तेव्हा घरात तुपाचा आणि वेलदोड्याचा वास कोंडला होता. एके काळी ह्या वासानं त्या जिन्यातच चपला काढायच्या. आज त्यांनी नाकाला पदर लावला. इंदूताईचा मुलगा अर्पित आणि सून सोनल बंगलोरहून आले होते. पावसाळ्यात चिंतामणराव न्हाणीघरात पडले होते, दुपारपर्यंत तसेच पडून होते, दूधवाल्यानं दार ठोठावलं म्हणून कळलं. तेव्हापासून अर्पितनं बापाच्या मागे धोशा लावला होता, आणि परवा कुठं म्हातारा हो म्हणाला होता. दसऱ्याला घर विकायचं आणि मुलाकडे राहायला जायचं, असं नक्की झालं होतं.

"मावशी, आज बाबा जरा टेन्स आहेत," सोनल हळूच म्हणाली. "कावळा आलाच नाही. एक घंटा वाट पाहिली गच्चीवर. शेवटी गायीला घातलं."

"कावळे राहिलेत कुठे आता."

"तेच मी म्हटलं. पण ते म्हणतात, इंदूच्या मनात काहीतरी राहिलंय."

चिंतामणराव सोवळं नेसून स्वयंपाकघरात उभे होते. गाल बसले होते, पण चेहऱ्यावर लग्नातल्या यजमानासारखी लगबग होती. "ये शालू, ये. बघ, खीर मी केली. पुरण सोनलनं वाटलं. आणि हे," त्यांनी एक पुडा उघडला, "खोपरा पॅटिस. शास्त्रात नाही बसत, पता है मला. पण तुझ्या ताईच्या शास्त्रात बसतं."

पाट मांडला. केळीच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं. खीर, पुरणपोळी, वर तुपाची धार, उडदाचे वडे, अळूची भाजी, भोपळ्याचे घारगे, आमसुलाची चटणी, कढी, आणि कोपऱ्यात ते पॅटिस. मग समोर हात जोडून बसले. "घे. सावकाश घे."

शालिनीबाई पानाकडे बघत राहिल्या. आणि त्यांचा उजवा हात, जो आपोशनाला जायला हवा होता, तो पर्समध्ये गेला. त्यांनी घातला नाही, तो गेला. सात महिने एक घास फोटोशिवाय पोटात गेला नव्हता, हाताला तेवढंच ठाऊक होतं. पानाचा फोटो निघून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय केलं.

"अरे मावशी, मलापण पाठवा," अर्पित म्हणाला. त्याला वाटलं, आठवण म्हणून काढला.

फोन किणकिणला. वाचू नये, एवढी अक्कल शालिनीबाईंना होती. पण डोळ्यांचं काय करायचं? 'शालिनी, सावध! खिरीवर धरलेली साय पाहिलीत? तशीच पिवळी साय तुमच्या यकृतावर धरते आहे. पोळीवरचं तूप म्हणजे उद्याचा दंडावरचा गोळा. हे पान एखाद्या आजारी माणसानं ओकल्यासारखं दिसतं आहे. दूर सारा.'

त्यांनी फोन मांडीखाली सारला आणि वाटी उचलून खिरीचा घोट घेतला. साय टाळ्याला चिकटली. पोटातून काहीतरी उसळून वर आलं. त्यांनी तोंडावर पदर दाबला, पण घास थांबला नाही, पदरात पडला. इंदूताईचा पहिला घास.

चिंतामणरावांनी जोडलेले हात सोडले.

"नाही घेत," ते पुटपुटले. "कावळा नाही शिवला, आता ही पण नाही घेत." ते गुडघ्यांवर पुढं सरकले, आणि शालिनीबाईंच्या तोंडाकडे बघून, पण शालिनीबाईंशी नव्हे, बोलू लागले. "इंदू, काय राहिलं गं? खीर बिघडली? की मी... हां. घर. घराचंच ना? आलं माझ्या लक्षात. तुझं घर विकायला निघालो मी."

"बाबा, क्या कर रहे हो आप," अर्पित उठला.

"तू गप बैस! इंदू, नाही विकत. शब्द देतो. अर्पितकडे नाही जात. इथंच राहतो, इथंच मरतो. बस? आता तरी घास घे गं."

अर्पितनं भिंतीला टेकून डोळे मिटले. दोन महिन्यांची मनधरणी त्या एका ओकारीनं पुसून नेली होती. म्हातारा आता पुन्हा न्हाणीघरात पडणार, आणि ह्या खेपेला दूधवाल्याची सुट्टी असणार.

आणि सगळे शालिनीबाईंच्या हाताकडे बघत होते. पिंडाला कावळा शिवेना की हीच तर रीत. एकेक इच्छा बोलून दाखवायची, ज्या शब्दाला तो शिवेल तो शब्द खरा. आता शालिनीबाईंनी घास घेतला, तर घर न विकण्यावर इंदूताईची मोहोर उठली. नाही घेतला, तर ताई भुकेली राहिली आणि दिलेलं वचन मोडलं. इकडे आड तिकडे विहीर. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी कोण? तर मांडीखाली बसलेली एक भवानी, जिनं इंदूताईला कधी पाहिलंही नव्हतं. शालिनीबाईंना किळस आली. सात महिन्यांत पहिल्यांदाच ती पानाची आली नाही, स्वतःच्या दंडांची आली नाही. मांडीखालच्या त्या गरम डबड्याची आली, आणि त्याला रोज ताट दाखवणाऱ्या बाईची आली.

"भाऊजी, हे ताईनं केलं नाही," त्या म्हणाल्या. "हे ह्यानं केलं. वाचा." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

चिंतामणरावांनी चष्मा लावला. जन्मभर कचेरीत अर्ज वाचत आलेला माणूस, तसंच वाचू लागला, मोठ्यानं, शब्दन् शब्द. 'यकृतावर' पाशी ते अडखळले. 'ओकल्यासारखं' पाशी थांबले. पानाकडे बघितलं. मग अंगठ्यानं वर सरकवत मागचं वाचत गेले. बेडकाची अंडी, मानेवरचा घाम, चिकट, लिबलिबीत, सगळं.

"ही कोण बाई आहे?"

"बाई नाही, मशीन आहे. वजनासाठी. तन्वीनं घालून दिलंय."

"आणि तू रोज हे वाचून जेवायला बसतेस?"

लाजेनं शालिनीबाईंची मान वर होईना.

"छी," चिंतामणराव म्हणाले. शिवीगाळ त्यांना येत नव्हती; तेवढाच शब्द, पण घशाच्या तळापासून. "शालू, शेवटच्या आठवड्यात इंदूनं मला कचोरी आणायला लावली होती. गरम. म्हणे, खात नाही, नुसती नाकाशी धरा. एका नाकपुडीत नळी, दुसरीशी मी कचोरी धरून बसलो होतो. नर्स ओरडली मला. तुझी बहीण नुसत्या वासावर रडली गं. आणि तुला तोंड आहे, गळा आहे, सगळं शाबूत आहे, आणि तू..."

त्यांनी पान दोन्ही हातांनी उचललं. "हे बाटलं. ह्याच्यावर नजर पडली त्या घाणीची. अर्पित, गाईला घाल. सोनल, दुसरं पान आण."

नवं पान आलं. फोन सोनलनं बाहेर चपलांपाशी नेऊन ठेवला. चिंतामणरावांनी पुन्हा पहिल्यापासून वाढलं, तितक्याच निगुतीनं. शालिनीबाई हात आवरून बसल्या.

"आधी तो शब्द मागे घ्या, भाऊजी. मग घास घेते."

"इंदूला दिलेला शब्द..."

"ताईला कुठे दिलात? त्या डबड्याला दिलात. ताईला काही राहिलं असेल तर ते एवढंच," त्यांनी पानाकडे बोट दाखवलं. "तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, पान स्वच्छ करायचं. घराचा एका अक्षरानं विषय काढला नाही तिनं. तिला घर म्हणजे स्वयंपाकघर. बंगलोरला स्वयंपाकघर नाही का?"

"दोन गॅस आहेत, बाबा," सोनल घाईघाईनं म्हणाली, आणि मग तिलाच रडू आलं.

चिंतामणरावांनी पानावरचं पॅटिस जरा पुढं सारलं. "घेतला मागे," ते म्हणाले.

शालिनीबाईंनी खिरीची वाटी उचलली. किळस गेली नव्हती. ती काय पाहुणी आहे, ऊठ म्हटलं की उठायला? साय पुन्हा टाळ्याला लागली. त्यांनी डोळे मिटले, इंदूताईची ती नाकपुडी आठवली, आणि गिळलं. पुरणपोळी गिळली. वडा गिळला. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं. त्या खाली मान घालून गिळत राहिल्या. असं जेवण बघायलाही बरं नव्हतं. चव म्हणून काही लागत नव्हती. मग आमसुलाच्या चटणीचं बोट जिभेवर ठेवलं तशी जीभ आंबट झाली. खरोखर आंबट. त्यावर पॅटिसचा तुकडा मोडला, आणि आतलं खोबरं गोड लागलं. थोडंसंच, पण लागलं. त्या थांबल्या, आणि तो तुकडा त्यांनी गिळला नाही, चावला.

पान स्वच्छ झालं. कढीचा थेंबही उरला नाही. बाहेर चपलांपाशी फोन किणकिणत होता. उरलेल्याचा फोटो आला नाही म्हणून विचारत असणार, पोट भरलं का, एक ते पाच.

चिंतामणराव समोर हात जोडून बसले. श्राद्धाला जेवणाऱ्याला शेवटी यजमानानं विचारायचं असतं, ते त्यांनी विचारलं.

"तृप्त झालीस?"

शालिनीबाईंच्या गळ्यापर्यंत आलं होतं. आणखी एक शीत गेलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं, अशी गत होती. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून एक वाढा."

चिंतामणराव उठले. पोळी वाढून त्यांनी तुपाची धार अशी सोडली, की तूप पानावर कमी आणि पाटावर जास्त पडलं.